जावयाला कोण बोलणार

माझे आजोबा कपडे धुण्याचा साबण बनवायचे. मुलं, कामगार, दुकानदार सगळेच त्यांना अप्पा म्हणत, म्हणून आम्ही नातवंडंही अप्पाच म्हणायचो. घराच्या मागच्या दारानं बाहेर पडलं की दहा पावलांवर त्यांची पत्र्याची शेड होती. शेडमध्ये भट्टीवर बसवलेली लोखंडी कढई होती आणि ती इतकी खोल होती की धुवायला मुकादम आत उतरला की त्याचं नुसतं डोकं वर दिसायचं. तसाच आतून तो बाकी सहा कामगारांना हुकूम सोडायचा.

साबण म्हणजे पिवळी, विटेच्या आकाराची, बिनवासाची वडी. तिच्यावर कसला छाप नव्हता. दुकानात लोक "अप्पांची वडी द्या" म्हणायचे. कढईत तेल तापवायचं, कॉस्टिक सोड्याचं पाणी हळूहळू सोडायचं, लांब दांड्यानं ढवळत राहायचं, तीन-चार तास उकळू द्यायचं. मग साच्यांत ओतायचं, दोन दिवसांनी तारेनं कापायचं आणि फळ्यांवर वाळत ठेवायचं. ऐकायला सोपं आहे. मेख एवढीच की कॉस्टिक जास्त राहिलं तर साबण हात खातो आणि कमी पडलं तर तेलकट राहतो, मळ निघत नाही. घाणा, म्हणजे कढईतला साबण, नेमका कधी झाला हे अप्पा जिभेनं ठरवायचे. दांड्याच्या टोकाचा चिमूटभर साबण गार करून जिभेच्या शेंड्याला लावायचे. चुरचुरलं तर "अजून नाही." चुरचुरलं नाही तर "उतरवा." चाळीस वर्षं त्या शेडमध्ये शेवटचा शब्द त्या जिभेचा होता.

तीच जीभ बोलायलाही तिखट होती. अप्पांचं तोंड म्हणजे शेडमधली दुसरी भट्टी, असं आजी म्हणायची. मामा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला दिवसातून निदान तीनदा गाढव ठरवलं जायचं. "गाढवा, तुझ्यापेक्षा ही कढई शहाणी. तिला तापल्याचं कळतं तरी!" मामा काही ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. तोही तावातावानं बोलायचा, दांडा आपटायचा, बाहेर निघून जायचा. अर्ध्या तासानं अप्पा शेडच्या दारात येऊन कुणालाच उद्देशून नाही असं विचारायचे, "चहा घेतला का त्यानं?" की झालं. मुकादमाला तर बोलणी खायची इतकी सवय की तो नव्या कामगारांना समजवायचा, "अप्पा बोलले तर मनावर घेऊ नका. अप्पा बोलायचे थांबले तर मात्र आपलं काय चुकलं ते शोधा."

माझे बाबा एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते. मी सव्वा वर्षाची असताना तो कारखाना बंद पडला. चार महिने बाबा अर्ज करत राहिले. मग एक दिवस जेवताना आजीनं विषय काढला.

"जावयांना आपल्याकडेच बोलवा. नाहीतरी तुम्हाला हात कमी पडतात."

"जावयाला कामाला ठेवू?" अप्पा म्हणाले. "आणि उद्या त्यांचं काही चुकलं तर बोलणार कोण? तू?"

"शिकलेले आहेत. नाही चुकायचे."

"साबण आहे तो. चुकतोच."

"मग गोड बोलून सांगा."

"मला जन्मात गोड बोलून काही सांगता आलेलं नाही," अप्पा म्हणाले. ते खरंच होतं. आईच्या म्हणण्याप्रमाणे त्या रात्री त्यांनी पुढे एकही घास घेतला नाही.

पण लेकीचा संसार होता. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून अप्पा स्वतः आमच्या दोन खोल्यांच्या घरी आले. खुर्चीत अगदी टोकाला बसून म्हणाले, "जावईबापू, आमच्या कामात तुम्ही जरा लक्ष घातलंत तर उपकार होतील."

"उपकार कसले, अप्पा? मला शिकवा तुम्ही," बाबा म्हणाले.

अप्पा मोठ्यानं हसले. त्यांना तो विनयाचा भाग वाटला. बाबांना खरंच शिकायचं होतं.

पहिल्या दिवशी बाबा जुनी पँट घालून शेडमध्ये गेले, तर पंख्याखाली त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली होती आणि तिच्यावर घरातली उशी. त्या शेडमध्ये त्याआधी कुणी बसलेलं नव्हतं, अप्पासुद्धा नाही. बाबा कढईपाशी गेले की कामगार बाजूला व्हायचे. दांडा हातात घेतला की मुकादम म्हणायचा, "राहू द्या साहेब, मी करतो." आठवड्याभरानं बाबांनी ती खुर्ची उचलून कोपऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती परत पंख्याखाली.

त्याच महिन्यात बाबांच्या हातून चूक झाली. कॉस्टिकची गोणी तोंड न बांधता राहिली. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून घेतं. सकाळी बघतात तर अर्ध्या गोणीचा गोळा झालेला आणि खाली ओघळ. अप्पांनी गोणी बघितली, बाबांकडे बघितलं आणि वळून मामावर तुटून पडले. "गोणी उघडी टाकतोस? डोळे काय साच्यात ओतलेत? गाढवा, घर बुडवशील एक दिवस!" मामा रात्री शेडमध्ये नव्हताच. त्यानं बाबांकडे पाहिलं, बाबा "अप्पा, ती मी..." म्हणायला पुढे झाले, तर अप्पा एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तुम्ही कशाला, जावईबापू? तुम्ही बसा."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडे लेका बोले जावया लागे असं चालू झालं. बाबांची चूक झाली की मामा बोलणी खायचा. पुढे पुढे मामा त्याची गंमत करायचा. सकाळी येतानाच विचारायचा, "भाऊजी, आज काही चुकवणार असाल तर आधी सांगा, मी कानात बोळे घालून येतो." बाबा हसायचे. पण घरी आले की गप्प असायचे. एकदा आईला म्हणाले, "तुझ्या वडलांनी मला एकदा तरी गाढव म्हणावं असं वाटतं गं."

आई खूप हसली होती तेव्हा. ते हसणं तिला पुढे फार लागलं. "माणूस जीव तोडून सांगत होता," ती मला म्हणाली, "आणि मला विनोद वाटला."

बरे दिवसही होते. खरं तर बाबांच्या शेडमधल्या तेरा वर्षांतली नऊ-दहा वर्षं चांगलीच गेली. बाबांनी प्रयोगशाळेतली सवय शेडमध्ये आणली. साबणाच्या तुकड्यावर एका बाटलीतलं औषध थेंबभर टाकायचं. तुकडा गुलाबी झाला तर कॉस्टिक उरलंय, रंग बदलला नाही तर घाणा बरोबर. हा थेंब एकटे बाबाच टाकायचे, शेवटचा शब्द मात्र अप्पांच्या जिभेचाच राहिला. तेलांचं प्रमाणही त्यांनी बदललं आणि वडी मऊ झाली. कपडे धुणाऱ्या बायका दुकानात सांगायला लागल्या की या वडीनं हात फाटत नाहीत. खप वाढला, दुसरी कढई आली, कामगार सहाचे अकरा झाले. घाईची मागणी असली की रविवारी सगळं घर शेडमध्ये. आजी, आई, मामी, मामा, बाबा मांडी घालून वड्या कागदात गुंडाळतायत, कुणाचा कागद तिरका म्हणून चिडवाचिडवी चालली आहे आणि अप्पा मधूनच येऊन मामाला एक शिवी हासडून जातायत. संध्याकाळी सगळ्यांच्या बोटांना साबणाचा बुळबुळीतपणा असायचा, हात धुवायला साबण लागायचा नाही. आई म्हणते, तितकं हसणं नंतर आमच्या घरात झालं नाही.

अप्पांना रस्त्यानं चालताना लोकांच्या दोऱ्यांवरचे कपडे बघायची सवय होती. एखाद्या गॅलरीत पांढरीशुभ्र चादर दिसली की थांबायचे. "आपली वडी आहे," म्हणायचे. मामा म्हणायचा, "चादर नवीन असेल, अप्पा." की मग रस्त्यातच भांडण.

आणि बाबांचं कौतुक ते सगळीकडे करायचे. दुकानदारांकडे, न्हाव्याकडे, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडेसुद्धा. "आमचे जावई म्हणजे हिरा आहे हो. मी चाळीस वर्षांत जे केलं नाही ते त्यांनी चार वर्षांत केलं." हे बाबांना दुकानदारांकडून कळायचं. समोर मात्र अप्पा म्हणायचे, "वा, छान," आणि ते अगदी पाहुण्यानं आणलेली भेट बघून म्हणावं तसं.

मामानं टेंपो घ्यायचा हट्ट धरला तेव्हा बापलेकांत तीन दिवस रणधुमाळी झाली होती. अप्पांनी त्याला उधळ्या म्हटलं, मामानं त्यांना कंजूष म्हटलं, आजीनं दोघांची ताटं एकदमच उचलली आणि चौथ्या दिवशी टेंपो आला. बाबांनी सुचवलं की बाजारात आता धुण्याची पावडर येते आहे, आपणही छोट्या पुड्यांत काढू या, कृती मी बसवतो. अप्पा लगेच म्हणाले, "उत्तम कल्पना आहे, जावईबापू. बघू."

पाच वर्षांत बाबांनी तो विषय तीनदा काढला. तिन्ही वेळा कल्पना उत्तम होती आणि तिन्ही वेळा बघू.

"भाऊजी, भांडा त्यांच्याशी," मामा म्हणाला.

"सासऱ्यांशी भांडू?"

"मग काय माझ्या सासऱ्यांशी भांडता?"

बाबा भांडले नाहीत. त्यांचा तो पिंडच नव्हता आणि असता तरी सासुरवाडीत तो दाखवायचा कसा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोघंही एकमेकांशी इतकं नीट वागत होते की मध्ये काही बोलायला जागाच उरली नव्हती.

अप्पा सत्तरीला आले. आजीच्या लक्षात आलं की ते आमटीत वरून मीठ घ्यायला लागलेत, चहात साखर वाढवून मागतात. तिला वाटलं, म्हातारपणाचे चोचले. बाबांना वेगळी शंका आली. एका दुपारी अप्पांनी चव घेऊन "उतरवा" म्हटलं आणि घरात जेवायला गेले. बाबांनी सहज तुकड्यावर थेंब टाकला, तर तुकडा गुलाबी झाला. दुसऱ्या कढईतला तुकडा घेतला, तोही गुलाबी. चाळीस-पन्नास वर्षं कॉस्टिक चाखलेली जीभ होती. ती गेली होती.

त्या वेळी बाबांनी काय करायला हवं होतं हे आज कुणालाही सांगता येईल. त्यांनी मुकादमाला सांगून कढईत थोडं तेल सोडलं आणि आणखी पाऊण तास उकळू दिलं. "अप्पांना बोलू नका," म्हणाले. अप्पा जेवून, डुलकी काढून आले तेव्हा साबण साच्यांत ओतलेला होता.

मग तसंच होत राहिलं. अप्पा चव घेऊन "उतरवा" म्हणायचे आणि जेवायला जायचे. बाबा थेंब टाकायचे, घाणा दुरुस्त करायचे. दोन वर्षं चाललं हे. बाबा आणि मुकादम सोडून कुणालाही माहीत नव्हतं, मामालाही नाही, कारण तो दुपारी टेंपो घेऊन बाहेर असायचा. आईला बाबांनी एकदा सांगायचा प्रयत्न केला, पण वडलांबद्दल असं बोलताना त्यांना संकोच वाटला, आणि त्यांनी विषय बदलला.

एकदा, फक्त एकदा, त्यांनी अप्पांसमोर धीर केला. "अप्पा, आज जरा अर्धा तास जास्त उकळू या का? मला थोडं कच्चं वाटतंय."

अप्पांनी परत चव घेतली. "झालंय की. पण तुम्ही म्हणत असाल तर उकळू. जावयाचा शब्द कुठे मोडायचा!" आणि हसले. बाबांच्या जागी मामा असता तर अप्पा म्हणाले असते, तुला काय कळतं रे, आण इकडे तो थेंब. मग तो गुलाबी तुकडा त्यांनी डोळ्यांनी बघितला असता. पण त्यांनी नुसता मान राखला आणि विषय संपला.

पुढे बाबांची आई आजारी पडली म्हणून त्यांना गावी जावं लागलं. आठ दिवसांसाठी. मुकादमही त्याच सुमाराला तापानं घरी होता. नेमकं त्याच आठवड्यात कॉस्टिक नव्या व्यापाऱ्याकडून आलं. कोरडं, कडक, आधीच्यापेक्षा जास्त जोराचं. माप तेच घेतलं गेलं. अप्पांनी चव घेतली, "उतरवा" म्हणाले. त्या वेळी एका लाँड्रीची घाईची मागणी होती. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुणारी मोठी लाँड्री, तिथे नऊ बायका हातानं डाग काढायच्या. वाळायला फारसे दिवस न देता वड्या कापून पाठवल्या.

तिसऱ्या दिवशी लाँड्रीतली सगळ्यात जुनी बाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली. ओल्या टॉवेलात हात गुंडाळलेले होते. तिनं टॉवेल सोडला. पुढचं मला मामानं सांगितलं, आणि मामा वाढवून सांगणाऱ्यांतला नाही. म्हणाला, बोटांच्या मधली कातडी पांढरी पडून सुटली होती आणि तळव्याला लाल चट्टे होते. इतर चार-पाच जणींचंही थोडंफार तसंच झालं होतं.

"तेवीस वर्षं तुमच्या वडीनं धुते आहे, अप्पा," ती म्हणाली. "दुसरी वडी दिली तर मी मालकाशी भांडते."

अप्पांनी तिला बसवलं, मामी तिच्या हातांवर पाणी ओतत राहिली, मामानं टेंपो काढून तिला डॉक्टरकडे नेलं. तो परत आला तेव्हा अप्पा दारातच होते. कामगारांसमोर त्यांनी मामाला जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचनात. मामा त्या दिवशी पहिल्यांदाच उलटून बोलला नाही. "कॉस्टिक मी उतरवून घेतलं होतं," तो मला म्हणाला. "मला वाटलं, असेल माझीच चूक."

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून शेडमध्ये गेले आणि उरलेल्या वडीवर थेंब टाकला. वडी डाळिंबाच्या दाण्यासारखी झाली. ते अप्पांसमोर जाऊन उभे राहिले. मामा तिथेच होता.

"अप्पा, मामांची चूक नाही," आम्हा मुलांसारखंच त्याला मामा म्हणत बाबा म्हणाले. "चूक माझी आहे."

"तुम्ही तर इथे नव्हता, जावईबापू."

"म्हणूनच झालं. दोन वर्षं तुमच्या जिभेला कॉस्टिक लागत नाही. मला माहीत होतं. तुम्ही जेवायला गेलात की मी घाणा दुरुस्त करत होतो. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या बाईचे हात वाचले असते. मला बोला तुम्ही. जे बोलायचं ते बोला."

मामा म्हणतो, अप्पांचा चेहरा तापलेल्या पत्र्यासारखा झाला होता. तोंड उघडलं, आणि मामाला वाटलं, आता सुटतायत, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. पण अप्पांनी तोंड मिटलं. घोट गिळला. मग पंख्याखालची खुर्ची स्वतः पुढे सरकवून म्हणाले,

"बसा. प्रवासातून आलात. चहा घ्या."

बाबा बसले. चहा आला. तो त्यांनी पूर्ण प्यायला, थांबून थांबून. "तो चहा बघवत नव्हता," मामा म्हणाला.

अप्पांनी पुढे करायचं ते सगळं केलं. वड्या परत आणल्या, बायकांचे उपचार केले, लाँड्रीत जाऊन सगळ्यांसमोर हात जोडले. जुन्या बाईचा हात बरा झाला, पण मुठीत पिळायची ताकद पूर्ण आली नाही. तिला काम सोडावं लागलं. अप्पा तिच्या घरी गेले तेव्हा ती म्हणाली, "माझा राग नाही, अप्पा. पण सुनेला सांगितलंय, ही वडी आणू नकोस." ते वाक्य अप्पा कधी विसरले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी साबणाची चव घेतली नाही. मामाला म्हणाले, "तो थेंब टाकायचा शीक." बाबांना मात्र काही म्हणाले नाहीत. नेहमीसारखेच गोड बोलत राहिले, किंबहुना जरा जास्तच. "जेवलात का, जावईबापू? ऊन फार आहे, आज लवकर जा."

दोन महिन्यांनी बाबांना दुसऱ्या शहरात, पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. त्यांनी अप्पांना सांगितलं.

"फार छान झालं," अप्पा म्हणाले. "तुमच्या योग्यतेची जागा आहे. इथे काय, नुसता चिखल."

मामानं पूर्वी एकदा शेड सोडून वाहतुकीचा धंदा करायची धमकी दिली होती, तेव्हा अप्पांनी त्याची बॅग कोळशाच्या ढिगामागे लपवली होती आणि दारात आडवे पडले होते. आमच्या सामानासाठी त्यांनी स्वतः ट्रक ठरवला. कपाटाला ओरखडे पडू नयेत म्हणून घरातल्या गोधड्या दिल्या. दोऱ्याही स्वतः ओढून बांधल्या. मी चौदा वर्षांची होते. मला वाटलं, किती प्रेमानं पाठवतायत. ट्रक निघाला तरी त्यांनी हात हलवला नाही, एवढंच आठवतं.

कारखाना त्यानंतर सात वर्षं चालला. बाबांची कृती होती, मामा मेहनती होता. पण दुकानांतून हळूहळू पावडरच मागितली जाऊ लागली, आणि ती दुसऱ्यांची होती. कामगार अकराचे पाच झाले, मग मुकादम आणि मामा दोघंच उरले. शेवटी मामानं भट्टी बंद केली आणि पुढच्या खोलीत दुकान टाकलं. तिथे तो सगळ्या कंपन्यांचे साबण आणि पावडरी विकतो. गिऱ्हाइकानं विचारलं यातला चांगला कोणता, तर म्हणतो, "चांगला होता तो आम्ही बंद केला." अप्पांनी त्या दुकानात कधी पाय ठेवला नाही. मामालाही बोलायचे थांबले, आणि मामाला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

मी सव्वीस वर्षांची असताना अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन आमच्या शहरात झालं. तीन आठवडे ते आमच्याकडे होते. डोळ्यांत दिवसातून चार वेळा औषध घालायचं असायचं आणि ते बाबाच घालायचे. अप्पा उताणे झोपायचे, बाबा एका हातानं पापणी धरायचे. "त्रास देतोय तुम्हाला," अप्पा म्हणायचे. "छे, त्रास कसला," बाबा म्हणायचे. इतक्या जवळून त्या दोघांनी एकमेकांना कधी बघितलं नसेल, पण बोलणं तेवढंच.

एका दुपारी बाबा कामावर गेले होते. अप्पा गॅलरीत काळा चष्मा लावून बसले होते. मी सहज विचारलं, "अप्पा, बाबा तुम्हाला सोडून गेले याचा तुम्हाला राग आला होता का?"

त्यांनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाले, "जाण्याचा नाही. आधीचा आला होता. तो उभा राहिला ना माझ्यासमोर, मला बोला म्हणाला. माझ्या मनात आलं होतं, याची गचांडी धरावी. विचारावं, दोन वर्षं मला आंधळा करून ठेवलंस? तुझ्या बापाला असं फसवलं असतंस का? असा राग मला पोरावरसुद्धा कधी आला नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"जावई ना गं. लेकीचं घर. एक शब्द जास्त गेला तर तुझ्या आईला जन्मभर भोगावं लागेल, असं वाटलं. गिळला राग. आणि गिळला त्याचा मला मोठेपणा वाटला, बघ. ट्रक निघाला तेव्हा कळलं. मी बोललो असतो तर तो भांडला असता. भांडला असता तर राहिला असता. मी त्याला माझ्या घरात तेरा वर्षं पाहुणा ठेवला. पाहुणा जाणारच."

माझ्या लक्षात आलं की ते बाबांना "तो" म्हणत होते. समोर असताना त्यांनी कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"हे त्यांना सांगा ना, अप्पा. संध्याकाळी येतीलच."

"आता? आता तो माझ्या डोळ्यांत औषध घालतो. त्याला काय म्हणू, तुझ्यावर ओरडायचं राहिलंय?" ते हसले, पण हसणं नीट जमलं नाही. "नको. तूही सांगू नकोस. त्याला उगाच वाईट वाटेल."

मी सांगितलं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा शब्द पाळावा. बाबांना त्रास नको, असंही वाटलं. अप्पा परत गेले. पुढच्या वर्षी, सकाळी दात घासत असताना कोसळले आणि दोन दिवसांत गेले.

सगळं आटोपून आम्ही घरी आलो, त्यानंतर आठवड्याभरानं मी बाबांना सांगितलं. ते कामावर जायचा शर्ट इस्त्री करत होते. मी सगळं सांगितलं, गचांडीसकट. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"असं म्हणाले? पाहुणा ठेवला म्हणून?"

"हो."

"मीही राहिलोच की पाहुण्यासारखा," ते म्हणाले. "त्या दिवशी खुर्ची पुढे केली तेव्हा मी बसायला नको होतं. चहा नको म्हणायला हवं होतं. ते बोलत नव्हते तर मी ओरडायला हवं होतं. तुझा मामा ओरडला असता." मग त्यांनी विचारलं, "तुला कधी सांगितलं हे?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. इथेच, गॅलरीत."

बाबांनी मनातल्या मनात महिने मोजले असावेत.

"म्हणजे वर्षभर वेळ होता," ते म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी काहीतरी म्हणायला गेले, तर ते म्हणाले, "जाऊ दे, तू तरी काय करणार," आणि शर्टाची दुसरी बाही पसरून ती इस्त्री करू लागले.